मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि चरबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेल-तूप जास्त खाल्ल्याने मोठ्या आतड्याचा कॅन्सर होतो का?

थेट ‘हो’ म्हणावं इतका पुरावा नाही. या प्रश्नावरची सर्वांत मोठी चाचणी अमेरिकेत झाली. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या प्रकल्पात ५० ते ७९ वयाच्या ४८,८३५ स्त्रिया होत्या. त्यांच्यातल्या एका गटाला रोजच्या कॅलरींमधला चरबीचा वाटा २० टक्क्यांवर आणायला सांगितलं होतं. सरासरी आठ वर्षांनी, २००६ मध्ये निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांत आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

या निकालातही कच्चे दुवे आहेत. बहुतेक स्त्रियांना २० टक्क्यांचं लक्ष्य गाठता आलं नाही. शिवाय पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या छोट्या कोंबाचा, कॅन्सर व्हायला साधारण १० ते १५ वर्षं लागतात, म्हणजे आठ वर्षं तशी कमीच. पण फोडणीचं तेल निम्मं केलं की धोका टळला, असं मानायला आधार नाही, हे त्यातून पक्कं कळतं.

मांसाचं वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या लिऑं इथल्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामी, बेकनसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला कॅन्सरकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास धोका १८ टक्क्यांनी वाढतो. हे १८ टक्के मूळ धोक्याच्या १८ टक्के आहेत: शंभरातल्या पाच जणांना आजार होणार असेल, तर तो सुमारे सहा जणांना होईल. दोष एकट्या चरबीचा नाही. मांसातलं लोह आणि टिकवण्यासाठी घातलेले नायट्राइट यांचाही त्यात हात आहे.

मग चरबीचा संबंध येतो तरी कुठे?

चार ठिकाणी. चरबी पचवायला लागणारा पित्तरस, आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेली छोटी फॅटी ॲसिडं, पोटाच्या आत साठलेली चरबी आणि खुद्द गाठीतल्या पेशींचा चरबीचा कारखाना. ताटात किती तेल पडलं यापेक्षा त्याचं शरीरात पुढे काय होतं, यावर जास्त अवलंबून आहे. खालची बरीच उत्तरं या चारांभोवतीच फिरतात.

पित्तरसाने आतड्याला अपाय कसा होतो?

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्तआम्लं बनवतं. साबणाने भांड्याचा तेलकटपणा सुटावा तशी ती खाल्लेल्या चरबीचे बारीक थेंब करतात, मग स्वादुपिंडाचं लायपेज हे पाचक एन्झाइम त्या थेंबांवर काम करतं. काम झालं की सुमारे ९५ टक्के पित्तआम्लं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाऊन यकृतात परततात. उरलेली ५ टक्के मोठ्या आतड्यात उतरतात.

गडबड होते ती या ५ टक्क्यांमुळे. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे जिवाणू त्यांच्यापासून डिऑक्सिकोलिक आणि लिथोकोलिक आम्ल तयार करतात. ही दुय्यम आम्लं पेशींच्या आवरणाला इजा करतात, डीएनए बिघडवणारे रेणू वाढवतात आणि झिजलेलं अस्तर भरून काढण्यासाठी पेशींना पुन्हा पुन्हा विभागायला लावतात. जितकी विभागणी जास्त, तितकी चुकीची शक्यता जास्त. आहारात चरबी जास्त आणि चोथा कमी असेल, तर पित्त जास्त सुटतं आणि मळ आतड्यात रेंगाळतो, म्हणजे या आम्लांचा अस्तराशी संपर्कही लांबतो.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. पिट्सबर्गमधले २० कृष्णवर्णीय अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातले २० जण यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली. अमेरिकनांना दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम चोथा आणि कमी चरबी दिली, आफ्रिकनांना त्याच्या उलट. अमेरिकनांच्या मळातली दुय्यम पित्तआम्लं ७० टक्क्यांनी घटली, आफ्रिकनांची कित्येक पटींनी वाढली. आतड्याच्या अस्तरातली पेशींची वाढ आणि सूजही त्याच दिशेने बदलली. दोन आठवड्यांत कॅन्सर होत नाही की टळत नाही, पण आतलं वातावरण किती लवकर बदलतं ते यातून दिसलं. चरबी आणि चोथा दोन्ही एकदम बदलल्यामुळे कोणाचा वाटा किती, हे मात्र या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही.

तुपात ब्युटिरिक ॲसिड असतं. म्हणजे रोज तूप खाल्लं तर आतडं सुरक्षित राहतं ना?

हा संदेश व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे.

मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना बहुतेक ऊर्जा, अंदाजे ६० ते ७० टक्के, ब्युटिरेटपासून मिळते. हे चार कार्बनचं छोटं फॅटी ॲसिड आहे. निरोगी पेशी ते जाळून टाकते. कॅन्सरची पेशी मुख्यतः ग्लुकोजवर जगते, त्यामुळे तिच्यात ब्युटिरेट जळत नाही, साठतं. साठलेलं ब्युटिरेट केंद्रकात जाऊन जनुकांचा चालू-बंदपणा बदलतं, तिची वाढ रोखतं आणि तिला मरणाकडे ढकलतं. एकच रेणू एकीला अन्न आणि दुसरीला विष होतो. हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

घोटाळा मार्गात आहे. तुपातल्या फॅटी ॲसिडांपैकी ३-४ टक्के ब्युटिरिक असतं, म्हणजे ५ ग्रॅमच्या चमचाभर तुपात जेमतेम ०.२ ग्रॅम. तेही लहान आतड्यातच शोषलं जातं आणि यकृत ते वापरून टाकतं. मोठ्या आतड्यापर्यंत काही पोचत नाही. तिथलं ब्युटिरेट जागच्या जागी जिवाणू बनवतात, दिवसाला काही ग्रॅम. कच्चा माल असतो न पचलेला चोथा आणि स्टार्च: ज्वारी-बाजरीची भाकरी, हरभरा, मटकी, राजमा, शेवग्याच्या शेंगा, सालासकट फळं, शिजवून गार केलेला भात किंवा बटाटा.

तूप भाकरीवर घालायला हरकत नाही. संरक्षणाचं श्रेय मात्र भाकरीकडे जातं.

चोथा एकदम वाढवू नका. दिवसाला १५ ग्रॅमवरून थेट ३५ वर गेलात तर गॅस, पोटफुगी, कळा येतात आणि लोक चौथ्या दिवशी सोडून देतात. आठवड्याला ५ ग्रॅमने वाढवा, पाणीही वाढवा. प्रौढांसाठी दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास पुरे. आतड्यात अडथळा असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर हा सल्ला लागू नाही.

लठ्ठ नाही, फक्त पोट सुटलंय. तरी धोका?

हो. भारतीयांच्या बाबतीत तर हेच जास्त पाहायला हवं. लठ्ठपणामुळे वाढणाऱ्या कॅन्सरांच्या यादीत मोठं आतडं आहे, आणि त्यातही आतड्यांभोवती साठलेली चरबी त्वचेखालच्या चरबीपेक्षा जास्त त्रासदायक असते. ती सतत मोकळी फॅटी ॲसिडं सोडते, सूज वाढवणारी आयएल-६ आणि टीएनएफसारखी रसायनं बनवते, लेप्टिन हे हार्मोन वाढवते आणि ॲडिपोनेक्टिन हे संरक्षक हार्मोन घटवते. इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की स्वादुपिंड ते जास्त सोडतं. जास्त इन्सुलिन आणि त्याचा भाऊबंद आयजीएफ-१ हे दोन्ही अस्तरातल्या पेशींना ‘वाढा, मरू नका’ असाच निरोप देतात.

मोजमाप घरी करता येतं. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवा धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरलं, तर पोटावर चरबी आहे असं समजा. पँटचा साइज पाहू नका, ती बहुतेकांची पोटाखाली बांधलेली असते. आपल्याकडे बीएमआयची मर्यादाही खाली आहे: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा.

गाठीतल्या पेशी चरबीचं काय करतात?

शरीरातल्या बहुतेक प्रौढ पेशी लागणारी चरबी रक्तातून घेतात. स्वतः बनवत बसत नाहीत. ते काम मुख्यतः यकृताचं आणि चरबीच्या ऊतींचं. कॅन्सरची पेशी हा नियम मोडते. वेगाने विभागायचं तर प्रत्येक नव्या पेशीला नवं आवरण हवं, आणि आवरण चरबीचंच असतं.

म्हणून ती ग्लुकोजपासून निघालेला सायट्रेट बाहेर काढते, त्याचा ॲसिटाइल-कोए हा दोन कार्बनचा तुकडा करते आणि फॅटी ॲसिड सिंथेज नावाचं एन्झाइम दोन-दोन कार्बन जोडत १६ कार्बनचं पामिटिक ॲसिड तयार करतं. आतड्याच्या अनेक गाठींमध्ये हे एन्झाइम वाढलेलं दिसतं. पुढे एससीडी-१ हे एन्झाइम त्या साखळीत एक दुहेरी बंध घालतं, त्यामुळे आवरण लवचीक राहतं. एवढ्यावर भागलं नाही तर पेशी सीडी-३६ या दारातून बाहेरची चरबीही आत ओढते. साखर कमी पडली, उदाहरणार्थ पेशी मूळ गाठीपासून सुटून रक्तात तरंगत असताना, तर सीपीटी-१ या प्रथिनाच्या मदतीने चरबी मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, नेऊन जाळते.

एकच गाठ एकीकडे चरबी बनवते आणि दुसरीकडे जाळते. त्यामुळे ‘साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो’ हा हिशेब चुकतो.

मग चरबी बनवणंच थांबवणारं औषध का देत नाहीत?

प्रयत्न चालू आहेत. वजन कमी करण्याच्या ऑर्लिस्टॅट या गोळीने काचेच्या बशीत फॅटी ॲसिड सिंथेज बंद पडतं. पण ती रक्तात जवळजवळ शोषलीच जात नाही, आतड्यातच राहून खाल्लेल्या चरबीपैकी सुमारे ३० टक्के बाहेर टाकते. कॅन्सरसाठी ती घेण्यात अर्थ नाही. डेनिफॅनस्टॅटसारखी नवी औषधं शोषली जातात, पण त्यांच्या चाचण्या अजून संपलेल्या नाहीत. शिवाय एक दार बंद केलं की पेशी सीडी-३६ चं दुसरं उघडते, हा अडथळा आहेच.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दलही विचारलं जातं. २००५ मध्ये इस्रायलमधल्या एका अभ्यासात स्टॅटिन घेणाऱ्यांत हा कॅन्सर ४७ टक्के कमी दिसला होता. नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक टिकला नाही. हृदयासाठी स्टॅटिन चालू असेल तर चालू ठेवा. केवळ आतड्यासाठी सुरू करू नका.

कीटो आहाराने फायदा होतो की तोटा?

कीटो म्हणजे भरपूर चरबी आणि जवळजवळ शून्य कर्बोदकं असा आहार. त्यावर उंदरांनी दोन्ही उत्तरं दिली आहेत. २०१६ मध्ये ६० टक्के कॅलरी चरबीतून घेणाऱ्या उंदरांच्या आतड्यातल्या मूळ पेशी (स्टेम सेल) पीपीएआर-डेल्टा या स्विचमुळे वाढल्या आणि गाठींना वाट मिळाली. २०२२ मध्ये कीटो आहाराने बनणाऱ्या बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट या रेणूने उंदरांच्याच गाठी रोखल्या. पहिल्या गटात उंदीर लठ्ठ झाले होते, दुसऱ्यात आहारात कर्बोदकं जवळजवळ नव्हती. माणसांत कीटोने हा आजार टळतो किंवा बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. चालू उपचारात वजन उतरत असेल, तर कीटोच्या वाटेला जाऊच नये.

ॲस्पिरिनचा चरबीशी काय संबंध?

पेशीच्या आवरणात ॲराकिडॉनिक ॲसिड हे फॅटी ॲसिड असतं. कॉक्स-२ हे एन्झाइम त्यापासून प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवतं. ते गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतं आणि प्रतिकारशक्तीला गप्प बसवतं. आतड्याच्या सुमारे ८० टक्के कॅन्सरांत कॉक्स-२ वाढलेलं असतं. ॲस्पिरिन ही साखळी तोडतं.

दोन ठिकाणी पुरावा भक्कम आहे. लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असलेल्यांनी रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किमान दोन वर्षं घेतलं, तेव्हा दहा वर्षांच्या पाठपुराव्यात कॅन्सरचं प्रमाण १३ टक्क्यांऐवजी ९ टक्के राहिलं. आणि २०२५ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ‘अलास्का’ (ALASCCA) नावाच्या चाचणीत, ज्यांच्या गाठीत पीआयके३सीए जनुकात ठरावीक बदल होता त्यांनी ऑपरेशननंतर तीन वर्षं रोज १६० मिलिग्रॅम घेतल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण १४.१ वरून ७.७ टक्क्यांवर आलं. ऑपरेशन झालेल्यांनी आपल्या गाठीची पीआयके३सीए तपासणी झाली आहे का, हे ऑन्कॉलॉजिस्टला जरूर विचारावं.

बाकीच्यांनी मनाने सुरू करू नये. पोटात आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, सत्तरीनंतर तर फायद्यापेक्षा धोकाच जास्त. कॉक्स-२ वरच नेम धरणारी औषधंही वापरून झाली. सेलेकॉक्सिबने पॉलिप कमी झाले, पण हृदयविकार वाढला. रोफेकॉक्सिब याच कारणाने २००४ मध्ये बाजारातून गेलं.

माशाच्या तेलाच्या गोळ्या? खोबरेल?

माशाच्या तेलातलं ओमेगा-३ कॉक्स एन्झाइमवर ॲराकिडॉनिक ॲसिडशी जागेसाठी भांडतं, म्हणून आशा होती. ब्रिटनमधल्या ‘सीफूड’ नावाच्या चाचणीत रोज २ ग्रॅम ईपीए हे ओमेगा-३ देऊन एक वर्षाने कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, केली. पॉलिप असणाऱ्यांचं प्रमाण घटलं नाही. बांगडा, तारली आहारात असू द्या, गोळीवर खर्च करायची गरज नाही. खोबरेल तेलाने आतड्याचा कॅन्सर टळतो किंवा होतो, या दोन्ही दाव्यांना आधार नाही. त्यात संपृक्त चरबी ८० टक्क्यांहून अधिक असते एवढं लक्षात ठेवून मोजून वापरा.

घरात महिन्याला किती तेल पुरावं?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या आहाराला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार माणसांचं महिन्याचं ३,२४० ग्रॅम होतं, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर, तूप आणि लोणी धरून. पाच लिटरचा डबा महिन्यात संपून वर पुन्हा तूप येत असेल, तर आकडा कुठे गेलाय ते कळेल. हा हिशेब कंबर आणि हृदय सांभाळण्यासाठी आहे. पहिल्या उत्तरातल्या अमेरिकन चाचणीनंतर, त्याने एकट्याने कॅन्सर टळतो असं म्हणता येणार नाही.

कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टवरून हा कॅन्सर कळतो का?

नाही. उलट आजार असताना कोलेस्टेरॉल कधीकधी कमी दिसतं, कारण गाठ आणि उतरतं वजन ते वापरत असतात. मळातून रक्त, शौचाच्या सवयीत अचानक बदल, कारणाशिवाय लोह कमी होऊन पंडुरोग, यांपैकी काही असेल तर मूळव्याध समजून मलम लावत बसू नका, कोलोनोस्कोपी करून घ्या. आई-वडील किंवा भावंडाला हा आजार झाला असेल, तर चाळिशीत किंवा त्यांच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षं, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा तपासणी करावी.

किमो चालू आहे. घरच्यांनी तेल-तूप बंद केलंय. बरोबर आहे का?

बहुतेक वेळा नाही, आणि हा प्रकार घराघरांत दिसतो. कॅन्सरमध्ये शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू वितळवू लागतं. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, तर ते धोक्याचं लक्षण आहे. स्नायू घटले की किमोचे दुष्परिणाम वाढतात, डोस कमी करावे लागतात. अशा रुग्णाचं शरीर साखरेपेक्षा चरबी नीट वापरतं, म्हणून युरोपियन पोषण संघटना वजन उतरणाऱ्यांच्या आहारात चरबीचा वाटा वाढवायला सांगते.

लक्ष्य किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ५५ किलोच्या माणसाला १,३७५ ते १,६५० कॅलरी आणि ५५ ते सुमारे ८२ ग्रॅम प्रथिनं. चमचाभर तुपात ४५ कॅलरी असतात. मऊ मुगाच्या खिचडीत दोन चमचे, दलियात एक, सूपमध्ये एक घातलं की ताट न वाढवता १८० कॅलरी वाढतात. अंडी, पनीर, दही, शेंगदाण्याचं कूट हेही घ्या.

अपवाद दोन. कॅपेसिटाबिन किंवा इरिनोटेकॅन या किमोच्या औषधांमुळे जुलाब चालू असतील, तर ते थांबेपर्यंत तळलेलं आणि तूप कमी ठेवा. आणि पोटावर नवी इलिओस्टोमी (लहान आतड्याचं पोटावर काढलेलं तोंड) असेल, तर पहिले सहा ते आठ आठवडे ओलं खोबरं, अख्खे शेंगदाणे, मका टाळा. ते न चावता गेले तर तोंडाशी अडकतात.

उजव्या बाजूचं आतडं काढल्यावर जेवलं की लगेच पातळ होतं. का?

या ऑपरेशनमध्ये लहान आतड्याचा शेवटचा तुकडाही जातो. पित्तआम्लं परत शोषून घेणारी जागा तीच. ती कमी झाली की पित्त मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढतं: पिवळट-हिरवट, आग करणारे, अनेकदा रात्रीही उठवणारे जुलाब. कोलेस्टायरामिनची ४ ग्रॅमची पुडी ही आम्लं धरून ठेवते. पूड कधी कोरडी तोंडात टाकू नका, पाण्यात किंवा ताकात नीट कालवा. ती बाकीची औषधंही धरून ठेवते, त्यामुळे थायरॉइडची, रक्त पातळ करायची किंवा इतर गोळी तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्या.

लहान आतडं एक मीटरहून जास्त गेलं असेल, तर गणित उलटतं. यकृताला तेवढं पित्त भरून काढता येत नाही, चरबी पचतच नाही. मळ तेलकट, दुर्गंधी, पाण्यावर तरंगणारा होतो. इथे कोलेस्टायरामिन दिलं तर त्रास वाढतो, कारण उरलंसुरलं पित्तही जातं. तेव्हा चरबी कमी करावी लागते, पित्ताशिवाय शोषलं जाणारं एमसीटी तेल द्यावं लागतं आणि ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं तपासावी लागतात.

उपचार संपल्यावर व्यायामाने खरंच फरक पडतो?

पडतो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून चाललेल्या चॅलेंज चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला. किमो संपलेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला, बाकीच्यांना माहितीपत्रक. आठ वर्षांनी पहिल्या गटातले ९०.३ टक्के आणि दुसऱ्यातले ८३.२ टक्के हयात होते. गंमत म्हणजे दोन्ही गटांच्या वजनात आणि कमरेत फारसा फरक नव्हता, म्हणजे फायदा नुसती चरबी घटवून आलेला नाही.

किमोनंतर सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आलं. यकृतातली गाठ काढायची आहे, अडचण येईल?

५-एफयू आणि इरिनोटेकॅन या औषधांनी यकृतात चरबी साठू शकते. इरिनोटेकॅनने तर सूजही येते, आणि अशा सुजलेल्या यकृताचा मोठा भाग काढल्यास उरलेला तुकडा काम करेनासा होण्याची भीती असते. ऑक्सॅलिप्लॅटिनचा मार वेगळा, तो बारीक रक्तवाहिन्यांवर पडतो. आधीपासून मधुमेह किंवा सुटलेलं पोट असेल तर सर्जनला आवर्जून सांगा, किमोचे किती डोस आणि कोणत्या तारखांना झाले याचा कागद सोबत न्या. शेवटच्या डोसनंतर सहसा चार ते सहा आठवडे थांबून ऑपरेशन करतात. बेव्हॅसिझुमॅब हे गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध दिलं असेल तर किमान सहा.